हिरव्या पुडीतली नोट

तुमच्या घरात हिरव्या कापडाची, हातानं शिवलेली, आगपेटीएवढी एखादी पुडी कुठं बांधून ठेवलेली आहे का? खाटेच्या पायाला, आढ्याला, नाहीतर जुन्या ट्रंकेच्या कडीला? नीट आठवून बघा. लगेच सांगायची घाई नाही. आधी माझं ऐका, मग सांगा. आणि असलीच, तर तोवर तिला हात लावू नका.

मी घनसावंगीची. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश असं सगळं करते आणि दुपारी चार-पाच मुलींना शिवण शिकवते. दहावीपर्यंत शिकले, पुढं लग्न झालं. आमचे मालक, भागवतराव, साखर कारखान्यावर कामाला आहेत. ऊस सुरू झाला की कधी दिवसपाळी, कधी रातपाळी.

मला एक नाद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नोटा जमवायचा. त्याचं असं झालं, बऱ्याच वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गुरुजींनी आपला जुना कोट उसवून नातवाला जाकीट शिवायला दिला होता. अस्तराच्या आत एक रुपयाची नोट निघाली. निळसर, मऊ, वहीत ठेवून जाळी पडलेल्या पिंपळपानासारखी. वर इंग्रजांच्या राजाचं तोंड. मी ती परत द्यायला गेले तर गुरुजी म्हणाले, "ठेव तुलाच, दैवशाला. राजा बी गेला न् नोट बी बाद झाली."

त्यांनीच मला सांगितलं, की लढाई सुरू झाली तशी लोकांनी चांदीचे रुपये घरात पुरून ठेवले. बाजारात रुपया दिसेना. म्हणून सरकारनं रुपयाचा कागद काढला. आपल्याकडं तेव्हा निजामाचा हाली पैसा चालायचा, आणि इंग्रजांच्या पैशाला कलदार म्हणायचे. ते ऐकून मला वाटलं होतं, बघा, चांदी घरात लपून बसली आणि पोरं मात्र लढाईवर गेली. तेव्हापासून जुन्या कपड्यांच्या घड्यांत, कुणाच्या पेटीत, कुणाच्या पोथीत मी त्या नोटा शोधत राहिले. मोबाईलवर जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यातही आहे मी. भागवतराव पाहुण्यांपुढं म्हणतात, "लोकाच्या बायका सोनं मागत्यात. आमची बाद झालेला राजा सांभाळून राह्यली."

या कामात माझी एक रीत ठरलेली आहे. नोट कापडात, दोऱ्यात, टाचणीत राहू द्यायची नाही. कापड ओल धरतं आणि कागद खातं. म्हणून हातात आली की आधी उसवायची, मोकळी करायची, पारदर्शक पाकिटात सरकवायची. ही रीत नसती तर पुढचं काही झालं नसतं.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, थंडी पडली होती. माझ्याकडं शिवण शिकायला गजाला यायची, कुंभार पिंपळगावहून. अब्बू पुण्यात ड्रायव्हर, आई लहानपणीच गेलेली, घरी ती आणि तिची दादी कमरुन्निसा. दादी नव्वदीच्या. बरेच दिवस त्यांनी अंथरूण धरलं होतं. अन्न सुटलं होतं, नुसत्या पाण्यावर होत्या.

त्या दुपारी सगळ्या मुली गेल्यावर गजालानं ओढणीच्या टोकातून ती पुडी काढली.

"बाई, हे बघता का? दादीच्या खाटेच्या पायाला बांधेल होतं. सुतळी सडून खाली पडलं. आत कागद लागून राह्यला हाताला."

मी दाबून बघितली. आत खरंच कागदाची घडी होती. "ताईत तर नाही ना गं?"

"ताईत चांदीच्या पेटीत राहतो, बाई. दादीनं कधीचे पैसे दडवले असतील. तुमच्या त्या राजाचे." ती हसली. "दादीला इचारलं असतं, पण ती आता एकच बोलते. भाईजान आले का, भाईजान आले का."

"कोण भाईजान?"

"तिचा मोठा भाऊ. मुनीर. लढाईवर गेल्ता, आलाच न्हाई. दादी सात वर्साची होती तव्हा. डॉक्टर म्हणले, हिच्यात काही राह्यलं न्हाई, पण जीव कशात अडकला ते कळंना. मला कळतं, बाई. ती त्याची वाट बघून राह्यली." तिनं डोळे पुसले. "तुम्ही बघून ठेवा. मी उद्या नेते. माझी जीप जाईल."

लढाई म्हटल्यावर माझे हात थांबतात का? ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी उजेडाला बसून कात्री घेतली.

कापड हिरवं होतं, वाळल्या लिंबाच्या पाल्यासारखं झालेलं. दोरा मात्र खाकी. टाके मोठे, घट्ट, ओढून घातलेले. पुरुष माणूस बटण लावताना घालतो तसे. मला ते विचित्र वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. मी एकेक टाका तोडत गेले. प्रत्येक टाका तुटताना बोटाखाली टक् असं व्हायचं. शेवटचा तुटला आणि कापड आपोआप उमललं.

वास आला. आमच्याकडं त्या दिवसांत हवेला नुसती धूळ असते, कापसाची बोंडं आणि धूळ. हा वास ओल्या पाल्याचा होता. पालापाचोळा पावसात कुजतो तसा. मशीनच्या फळीवर मातीचे दोन-चार कण पडले, आणि ते तांबडे होते. आमच्या तालुक्यात कुठंही खणा, काळीच माती निघते.

पण माझं लक्ष वासाकडं कुठं होतं? माझ्या हातात एक रुपयाची नोट होती, आणि राजाच्या तोंडाच्या बाजूला तांबड्या अक्षरांचा इंग्रजी शिक्का होता. बर्मा! मी ग्रुपवर फोटोत बघितलेली, हातात कधी न आलेली. लगेच फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत कुणाचंतरी उत्तर आलं : "अभिनंदन ताई! लढाई संपता संपता, पंचेचाळीस साली तिकडं वाटलेली नोट. हिंदुस्थानात चालतच नव्हती." मी नोट पाकिटात घातली आणि आनंदानं स्वतःसाठी चहा टाकला.

दिवे लावायच्या वेळेला दारात आवाज झाला.

कडी वाजली नाही. हाकही नाही. कुणीतरी उंबऱ्याशी उभं राहून बूट झटकत होतं. धप्, धप्. जड बूट. चिखलातून आलेला माणूस घराबाहेर झटकतो तसे. मला वाटलं भागवतराव लवकर आले. पण ते चपला घालतात, आणि त्यांची रातपाळी होती. मी दार उघडलं. गल्ली रिकामी. समोरच्या घरात टीव्ही चालू. उंबऱ्यावर मात्र ओला, तांबडा चिखल होता. दोन बुटांचा.

मी दार लावलं. पुन्हा धप्, धप्. ह्यावेळी जरा हळू. घरात घेतील की नाही अशा बेतानं.

"कोण आहे?" मी आतूनच विचारलं.

दाराच्या फटीतून तो ओल्या पाल्याचा वास आत आला, आणि ओट्यावर कुणीतरी टेकल्यासारखं झालं… दमलेला माणूस बसताना श्वास सोडतो, तसा एक श्वास.

मी देवापुढं निरांजन लावलं आणि गजालाला फोन लावला. तिला म्हटलं, "अगं, ती पुडी मी उघडली. आत नोट निघाली. पण दादीला एकदा विचार बरं, ती कशाची होती."

फोनमधून तिचं विचारणं ऐकू आलं. मग एक आवाज आला, कोरडा, पण खणखणीत. इतके दिवस न जेवलेल्या बाईचा वाटेना.

"कोन खोला उसकू?"

दादीनं जे सांगितलं ते गजालानं मला मध्ये मध्ये थांबत, रडत सांगितलं. ती पुडी म्हणजे इमाम-जामीन. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला घरची बाई कापडात रुपया शिवून बांधते. वाटेत इमामाची राखण. माणूस सुखरूप पोचला की पुडी सोडायची आणि तो रुपया गरिबाला द्यायचा. पोचल्याशिवाय उघडायची नाही. मुनीर निघाला तेव्हा घरात चांदीचा रुपया नव्हता, कुणाकडंच नव्हता, म्हणून त्याच्या आईनं कागदाचा रुपया शिवला. लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला एक जण न परतलेल्यांच्या दंडावरच्या पिशवीभर पुड्या घेऊन गावोगाव देत आला. रस्त्यावरूनच एक आईच्या हातात ठेवली, मान खाली घालून, पाणीसुद्धा न पिता गेला. आईनं ती न उघडता खाटेला बांधली. म्हणाली, माझा मुनीर येईल तेव्हा तोच सोडील.

"म्हंजे बाई," गजालाचा आवाज बारीक झाला, "सोडली म्हंजे… पोचला, असं झालं ना?"

मी दाराकडं बघत होते. "पोचलाय," मी म्हटलं. "पण माझ्या घरी."

फोन दादीनं मागून घेतला असावा. श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "बेटी, घर चुकला तो. उसकू घर दिखा. मी जागी हाय… पर आजचीच रात हाय माझ्याजवळ. जल्दी कर."

मी मशीनवर हात टेकून जराशी उभी राहिले. भीती होतीच, पण तिच्यापलीकडं एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. कुणाचंतरी माणूस माझ्या कात्रीमुळं चुकीच्या दारात बसलं होतं, आणि त्याची बहीण शेवटच्या श्वासावर त्याची वाट बघत होती. मी आणलंय, मीच पोचवणार. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

मी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दाराबाहेर ठेवला. आपल्याकडं आलेल्याला आधी ते देतात. नोट पाकिटासकट ब्लाउजमध्ये ठेवली, कापड मुठीत घेतलं, शाल घेतली. दार उघडलं तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. तांब्या रिकामा होता. गूळ तसाच.

"चला दादा," मी रिकाम्या ओट्याला म्हटलं. "हे तुमचं घर नाही. बहीण वाट बघतेय. मी दाखवते."

गल्लीतून चालताना मागं बूट वाजत होते. मी मोबाईल कानाला लावला, म्हणजे लोकांना वाटावं फोनवर बोलतेय. "इथं गटार आहे, जपून. आता उजवीकडं वळायचं." टपरीवरच्या चतुराबाई ओरडल्या, "दैवशाला, कुणाला रस्ता सांगून राह्यली गं इतक्या वक्ताला?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत, मावशी." त्यांचं कुत्रं एरवी माझ्या पायात घोटाळतं. ते बाकड्याखाली गेलं आणि रडल्यासारखं करू लागलं.

स्टँडवर हरिओमची काळी-पिवळी उभी होती. कुंभार पिंपळगावची शेवटची. हरिओम आमच्या ओळखीचा, बायकोचे ब्लाउज माझ्याकडंच शिवून घेतो. जीप भरली होती, मागं टपावर दोन पोरं चढलेली, तरी त्यानं मला मधल्या बाकावर जागा केली. मी बसले. माझ्या शेजारी जाड अंगाची एक बाई बाजाराची टोपली घेऊन बसली होती. ती अचानक उठली.

"अगं बया, ही सीट वल्ली हाय!"

"वल्ली कशानं होईल?" हरिओमनं हात लावून बघितलं. हात पँटला पुसला.

ती बाई पलीकडच्या बाकावर चौघींच्या मांडीवर जाऊन बसली. दाराशी एक माणूस एका पायावर लोंबकळत होता, त्याला म्हटलं बसा, तर तो त्या जागेकडं बघून म्हणाला, "न्हाई, मी इथं बराबर हाय." अख्खी जीप ठासून भरलेली आणि माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी. तिकडून माझ्या दंडाला गारवा लागत होता. ओल्या कपड्यातला माणूस शेजारी बसावा, तसा.

निम्म्या वाटेवर हरिओमनं आरशातून बघत पैसे गोळा करायला सुरुवात केली. माझी पाळी आली तसा त्यानं आवाज खाली केला. "ताई… दोन सीटं झाली."

"मी एकटीच आहे, हरिओम."

तो आरशात बघत राहिला. गाडी जरा हेलकावली तसा पुढं बघू लागला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "जेवढे द्यायचे तेवढे द्या." मी दोघांचे दिले. घेताना त्यानं माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही.

बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते, मळी आणि धुराचा वास येत होता, आणि त्या सगळ्यात तो पाल्याचा वास एकसारखा. मी हळूच बोलत राहिले. "तुमची बहीण लई थकलीय हो, दादा. तिला घाबरवू नका. फक्त हात धरा, म्हणजे तिचा जीव सुटेल." मला वाटलं, तो ऐकतोय. आता वाटतं, त्याला त्यातलं काहीच कळत नसावं. नुसता आवाज धरून तो चालला होता.

कुंभार पिंपळगावात लाईट गेलेली होती. गजाला कोपऱ्यावर टॉर्च घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, आणि टॉर्च खाली केली. मी तिच्या मागोमाग घरी गेले. घर म्हणजे पुढं पत्र्याची पडवी आणि आत एक खोली. खोलीत रॉकेलची चिमणी जळत होती. खाटेवर दादी, अंगानं लहान मुलीएवढ्या उरलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदूची साय.

"दरवाजा पूरा खोल," त्या म्हणाल्या.

गजालानं दोन्ही फळ्या उघडल्या. चिमणीची ज्योत एकदा आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. दादींच्या खाटेसमोर दुसरी खाट होती, सुंभाची. तिची दोरी करकरली आणि हळूहळू मध्ये खोल गेली. बसलेल्या माणसाच्या वजनानं जाते तशी.

दादींनी हात पुढं केला. तो हवेतच थांबला. खाली पडला नाही, थरथरला नाही. इतका अशक्त हात इतका स्थिर कसा राहील? कुणीतरी तो धरला होता. दादींच्या तोंडावर असं हसू आलं, की गजाला भिंतीला टेकून रडायलाच लागली.

मग ते हसू जरा थांबलं. दादींची बोटं त्या हवेत काहीतरी चाचपत होती. पुन्हा चाचपली. चेहरा बदलला, पण हात त्यांनी सोडला नाही.

"तुम दोनों पडवीत झोपा," त्या म्हणाल्या. "दार लोटून घ्या."

आम्ही एका गोधडीत पडलो. आतून रात्रभर बोलण्याचा आवाज येत होता. एक आवाज खोल, अस्पष्ट, पाण्याखालून आल्यासारखा. आणि मध्ये मध्ये दादींचा : "हाँ बेटा… हाँ… बोल." गजाला माझ्या कुशीत हुंदके देत म्हणाली, "भेटले, बाई. भाऊ-बहीण भेटले." मी तिला थोपटलं. मोठ्या भावाला कुणी बेटा म्हणतं का, हे माझ्या मनात आलं होतं. पण तो विशीतच राहिला असेल आणि ही नव्वदीची झाली, असं मी स्वतःला समजावलं. पहाटे माझा डोळा लागला.

सकाळी दार उघडताना गजालानं दुआ म्हटली. आपण काय बघायला चाललोय ते आम्हा दोघींना माहीत होतं, असं आम्हाला वाटत होतं.

दादी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "चाय कर," त्या गजालाला म्हणाल्या. "न् काही खायला दे. अभी मरके नहीं चलता."

गजालाच्या हातातला पेला पडला.

"दादी," मी खाली बसले, "भाईजान आले ना?"

त्यांनी मान हलवली. "मुनीर न्हाई तो. कडबा तोडताना मुनीरचं बोट गेल्तं, अंगठ्याच्या बाजूचं. त्याचा हात धरूनच मी चालाया शिकले. ह्याची पाची बोटं साबूत हायेत." त्या पुढं म्हणाल्या, "रातभर बोलला बेचारा. कोणती बोली हाय, अल्ला जाने. एक लफ्ज समजला न्हाई."

"मग तुम्ही हात सोडला का नाहीत?"

"ठंडा था," त्या म्हणाल्या. "किसी का तो होगा."

मग त्यांनी विचारलं, "पुडीचा धागा कसा होता, बेटी?"

"खाकी."

"अम्मीनं हिरव्या रेशमानं शिवली. सुई मी ओवून दिलेली."

आणि तेव्हा मला ती नोट आठवली. मी ती ब्लाउजमधून काढली, दारातल्या उजेडात धरली. तांबडा शिक्का. पंचेचाळीस साली वाटलेली, तीही बर्मात. मुनीर घरातून निघाला तो त्याच्या दोन वर्षं आधी. कुंभार पिंपळगावातल्या आईनं ही नोट शिवणं शक्यच नव्हतं. काल ग्रुपवर माझं अभिनंदन झालं आणि मला, नोटांच्या नादिष्ट बाईला, एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती. पिशवीभर पुड्या आणणाऱ्यानं एका घरची दुसऱ्या घरी दिली होती. ही कुणाची होती, देव जाणे. त्याला बांधणारं कुणी जवळ नव्हतं, म्हणून त्या परमुलखात त्यानं स्वतःच कापड शिवलं असेल, बटणाच्या दोऱ्यानं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी.

"आता काय करायचं?" गजालानं विचारलं. ती समोरच्या खाटेकडं बघत नव्हती. खाटेची दोरी अजून खोल गेलेलीच होती.

"रातभर तो दंड पुढं करून राह्यला," दादी म्हणाल्या. "बांध म्हणतो. अजून वाटंतच हाय तो. शिव परत. जिसने खोला, वोही बांधे. न् त्याच्या घरला पोचल्याबिगर सोडू नको."

गजालाच्या अब्बूंच्या वर्दीसाठी आणलेली खाकी दोऱ्याची रीळ घरात होती. मी ती नोट पाकिटातून काढली. असली नोट मला पुन्हा मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. घडी घातली, हिरव्या कापडात ठेवली आणि जुन्याच भोकांतून टाके घालत गेले. शिवून झाल्यावर माझ्याच उजव्या दंडाला बांधली, कारण रस्ता आता मलाच चालायचा आहे. दादींनी दुआ पुटपुटून तिच्यावर फुंकर घातली आणि खाटेच्या रिकाम्या पायाला हात लावून म्हणाल्या, "माझा मुनीर बी असाच कोणाच्या खाटेला बांधेल असंल. कोणी सोडला तर इकडं पाठव म्हणावं. मी बसलेय."

म्हणून मी घरोघर विचारते. अंबड झालं, परतूर झालं, जालना झालं. आता तुमच्याकडं. तुमच्यातलं कुणी बर्मात गेलं होतं का? त्याची बोली काय होती? आणि ती हिरव्या रेशमानं शिवलेली पुडी तुमच्याकडं असली तर ती तशीच माझ्या हातात द्या. बाहेर आत्ता जे वाजलं त्याला भिऊ नका. उंबऱ्यावर पाणी ठेवलं की तो शांत बसतो.

त्या सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. दादींनी दोन पाव चहात बुडवून खाल्ले. मी स्टँडवर आले, हरिओमच्या पहिल्या जीपमध्ये बसले. जीप रिकामीच होती, माझ्याशिवाय कुणी चढलं नाही. घनसावंगीला उतरताना मी पैसे दिले, आणि हरिओमनं मान वर न करता दोन सीटांचे घेतले.